फेब्रुवारीची मोजणी आणि सुरगाण्याची जागा

(नाशिक येथे हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी आपण वसतिगृहातल्या मुलांचे निकाल ऐकतो, आरोग्य शिबिरांचा हिशेब ऐकतो. यंदा आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘आदिवासी भाग आणि मतदारसंघ’. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. मिशनच्या व्यासपीठावर राजकारण कशाला? तेव्हा आधीच सांगते, कोणाला मत द्यावे हे सांगायला मी उभी नाही. जेवणाच्या आधी तसे कोणी सांगू लागले तर तुम्ही उठून जाल, आणि ते बरोबरच होईल. मला बोलायचे आहे ते मताच्या आधीच्या गोष्टीबद्दल. मत ज्या हद्दीच्या आत मोजले जाते ती हद्द कोण आखतो, कशावरून आखतो, आणि ती आखली जात असताना आपले पाड्यावरचे लोक कुठे असतात, याबद्दल.

आपल्या नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्यातले बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव. या यादीत सुरगाणा हे नाव नाही. पूर्वी ते होते. २००४ च्या निवडणुकीपर्यंत सुरगाणा नावाचा वेगळा मतदारसंघ होता. मग २००१ च्या जनगणनेवरून न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने देशभरच्या हद्दी नव्याने आखल्या, २००८ मध्ये त्या लागू झाल्या, आणि २००९ पासून सुरगाणा तालुका कळवण मतदारसंघात गेला. पेठ दिंडोरीबरोबर आहे, त्र्यंबकेश्वर इगतपुरीबरोबर.

यात अन्याय झाला असे मी सरळ म्हणणार नाही. त्याच फेररचनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींच्या राखीव जागा २२ वरून २५ झाल्या, हेही खरे आहे. कळवणही राखीवच आहे, तिथून निवडून येणारा माणूस आदिवासीच असतो. मग बिघडले काय?

ज्यांनी तो रस्ता केला आहे त्यांना सांगायला नको. कळवणचा मोठा भाग घाटमाथ्याच्या पूर्वेला, गिरणेच्या खोऱ्यात आहे. चणकापूरचे धरण आहे, कालव्याचे पाणी आहे, कांदा आहे, बाजार समिती आहे. वणी सोडून सापुताऱ्याच्या रस्त्याला लागा, बोरगाववरून सुरगाण्याकडे वळा, की जमीन पश्चिमेला उतरायला लागते. इथल्या नार, पार या नद्या गुजरातेकडे वाहतात. भात, नागली, वरई ही पिके. पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडा घेऊन झिऱ्यावर बसतात. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, आणि त्यात शंभरातले नव्वदहून अधिक आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल. एका उताराचा प्रश्न कांद्याचा भाव आणि कालव्याचे आवर्तन. दुसऱ्या उताराचा प्रश्न वनपट्टा, रस्ता, रात्री अडलेली बाळंतीण. आमदार एकच. तो कितीही भला असला तरी त्याचा दिवस चोवीस तासांचाच, आणि त्यात घाट चढ-उतार करण्यात किती जातो ते आपल्या जीपच्या ड्रायव्हरला विचारा.

डिसेंबर २०२२ ची बातमी आठवते का? सुरगाणा तालुक्यातल्या सीमेलगतच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला, अशी मागणी केली. कारणे साधी होती. रस्ता, वीज, दवाखाना. पलीकडच्या गावात दिवा लागलेला दिसतो, आपल्याकडे अंधार. शहरातल्या लोकांनी त्यावर अस्मितेची चर्चा केली. मला त्यात एवढेच ऐकू आले की या माणसांना आपले गाऱ्हाणे मुंबईपर्यंत पोहोचवायची दुसरी वाट दिसली नाही. त्याच्या चार वर्षे आधी, मार्च २०१८ मध्ये, याच डोंगरातले हजारो लोक वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले होते. शेवटच्या रात्री, दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना त्रास नको म्हणून ते पहाटेच्या आधीच आझाद मैदानावर पोहोचले. वनहक्क कायदा २००६ चा, मोर्चा २०१८ चा. कायद्याने दिलेले मिळवायला बारा वर्षांनी पायी जावे लागते, याचा अर्थ मधली कुठली तरी कडी तुटलेली आहे.

आणि हे लोक मतदान करत नाहीत असेही नाही. उलट आपणच करत नाही. मे २०२४ च्या लोकसभेला दिंडोरी मतदारसंघात ६६ टक्क्यांवर मतदान झाले, नाशिकमध्ये ६० च्या जरा वर. विधानसभेलाही कळवण, दिंडोरी ही शहरातल्या मतदारसंघांच्या बरीच पुढे असतात. उन्हातान्हात पाड्यावरून उतरून येणारी म्हातारी मत देते, आणि गंगापूर रोडवरचा आपला भाऊ सुट्टी मिळाली म्हणून सापुताऱ्याला जातो. असो.

आता थोडे लांब जाऊ. कॅनडाच्या अगदी उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. इनुइट लोकांचा मुलूख, १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट, आणि माणसे चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या सुरगाणा तालुक्यापेक्षाही कितीतरी कमी. पंचवीस वस्त्या, आणि एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला जायला रस्ता नाही. विमान, नाहीतर बर्फावरून. त्या प्रदेशाच्या विधानसभेत २२ सदस्य आहेत, आणि पक्ष नाहीत. प्रत्येक जण स्वतंत्र निवडून येतो, मग सगळे मिळून मुख्यमंत्री निवडतात.

त्यातला सर्वांत उत्तरेचा मतदारसंघ कुट्टिक्टुक. त्यात तीनच वस्त्या आहेत. आर्क्टिक बे, रेझोल्यूट आणि ग्रीझ फियर्ड. तिन्ही मिळून दीड हजार माणसेसुद्धा भरत नाहीत. आणि त्यांना एक पूर्ण आमदार. आपल्या कळवण मतदारसंघात मतदारच तीन लाखांच्या घरात आहेत.

यातल्या ग्रीझ फियर्डची गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल. ती वस्ती आपोआप वसलेली नाही. १९५० च्या दशकात सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडून काही इनुइट कुटुंबे उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर वर नेऊन ठेवली. शिकार चांगली मिळेल असे सांगितले. प्रत्यक्षात तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. उत्तरेच्या ओसाड बेटांवर देशाचा हक्क दाखवायला तिथे माणसे हवी होती, असे त्या कुटुंबांचे म्हणणे, आणि पुष्कळ अभ्यासकांचेही. २०१० मध्ये कॅनडा सरकारने याबद्दल जाहीर माफी मागितली. धरणासाठी, जंगलासाठी उठवलेली गावे आपण पाहिली आहेत, तेव्हा जास्त सांगत नाही. गंमत अशी की १९५० मध्ये इनुइट लोकांना मतदानाचा हक्क मिळाला, पण त्यांच्या सगळ्या वस्त्यांवर मतपेटी पोहोचायला १९६२ उजाडले. हक्क कागदावर आणि पेटी वाटेत.

जाता जाता आपल्या नाशिककरांसाठी एक गोष्ट. इनुइट भाषेची ती वेगळी, त्रिकोण-आकड्यांसारखी लिपी तिथे सर्वदूर पोहोचवण्यात एडमंड पेक नावाच्या मिशनऱ्याचा मोठा वाटा होता. १८७६ मध्ये त्यांना तिकडे पाठवले चर्च मिशनरी सोसायटीने. ज्या सोसायटीने आपले शरणपूर वसवले, तीच. आज तिथल्या कारभारातही ती लिपी वापरली जाते.

दीड हजार माणसांना एक आमदार, हे न्याय्य आहे का? शहरातला माणूस विचारेल, माझ्या मताची किंमत कमी का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ मध्ये हाच प्रश्न आला होता, सस्कॅचवान प्रांतातल्या मतदारसंघांबद्दल. न्यायालयाने सांगितले की डोकी समान असणे महत्त्वाचे आहेच, पण खरा हक्क परिणामकारक प्रतिनिधित्वाचा आहे. म्हणून भूगोल, इतिहास, समाजाचे हितसंबंध हेही पाहावे लागतात. विरळ वस्तीच्या दूरच्या भागाला थोडे कमी डोक्यांतही जागा देता येते.

आपल्याकडे एवढी सूट नाही, आणि कुट्टिक्टुकसारखा मतदारसंघ आपण मागूही शकत नाही. पण आपला २००२ चा परिसीमन कायदा तुम्ही वाचला तर त्यात काय आहे? मतदारसंघ आखताना भूभागाची नैसर्गिक ठेवण, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय, या गोष्टी लक्षात घ्यायच्या आहेत. म्हणजे घाट हा मुद्दा कायद्यातच आहे. तो मांडायला मात्र कोणीतरी लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. राज्यघटनेतल्या तरतुदीनुसार जागांचा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेला आहे. ती जनगणना आता होते आहे. माणसे मोजण्याचा तिचा मुख्य टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरला आहे. राज्यात अनुसूचित जमातींना किती जागा, हे जमातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणावरून ठरते. त्या जागा कुठे, हे जिथे त्यांचे प्रमाण जास्त तिथे, असे ठरते. म्हणजे सगळे त्या मोजणीवर.

फेब्रुवारी. तुम्ही निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडचे लोक इथे बसला आहात. फेब्रुवारीत तुमच्याकडे काय चालू असते? द्राक्षाची तोडणी. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपीत कोण राहते? सुरगाण्याचे, पेठचे, कळवणच्या पश्चिमेचे लोक. नवरा-बायको, कडेवर लहान मूल. काही जण तिकडे बलसाड, वापीला, काही उसाच्या फडात. गावात उरतात म्हातारे आणि शाळेतली पोरे. तीही सगळी नाहीत.

जनगणनेचा नियम काय आहे? मागच्या वेळी, २०११ मध्ये, ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस माणसे मोजली. त्या काळात माणूस जिथे राहतो तिथे त्याची नोंद. सगळे वीस दिवस गावाबाहेर असेल, तर गावच्या घरात त्याचे नाव लिहायचे नाही. नियम चुकीचा नाही, दोनदा मोजणी होऊ नये म्हणून तो आहे. पण सुरगाण्याचा माणूस निफाडच्या मळ्यात मोजला गेला तर तो निफाडच्या लोकसंख्येत जातो. वापीत मोजला गेला तर तो महाराष्ट्रातूनच जातो, गुजरातच्या आकड्यात. आणि खोपीपर्यंत मोजणीवाला पोहोचलाच नाही, तर तो कुठेच नाही. या तिसऱ्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पाड्यावर गुरुजी गेले तर शेजारी म्हणणार, ते बागेला गेलेत. बागेत गुरुजी गेले तर मुकादम म्हणणार, ही बाहेरची माणसे, यांची नोंद गावाकडे होते.

ही कल्पनेतली अडचण नाही. मतदार यादीच्या वेळी आम्ही तेच पाहतो. एका पाड्यावर एका बाईने मला विचारले, “ताई, माझं नाव यादीत नाही, मग मी कुठली?” रेशनकार्ड होते, आधार होते, पण यादी तपासायला माणूस आला तेव्हा ती दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेली. नमुना ६ भरून नाव पुन्हा घालता येते. वर्षातून आता चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मतदार यादीतली चूक अशी दुरुस्त होते. जनगणनेतली होत नाही, तिथे दहा वर्षे थांबावे लागते. यावेळी तर सोळा वर्षे झाली.

तुम्ही सगळे पवित्र शास्त्र वाचणारे आहात, म्हणून एक आठवण करून देते. गणना या पुस्तकाचा २६ वा अध्याय आपण बहुतेक वेळा घाईने उलटतो. वंशावळी, आकडे, अमक्या वंशाचे इतके हजार. कंटाळा येतो. पण तो अध्याय जनगणनेचा आहे, आणि त्याच्या शेवटी ती मोजणी कशासाठी हे सांगितले आहे. वतन वाटण्यासाठी. मोठ्या वंशाला जास्त, लहानाला कमी. आणि लगेच २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. मोशे, एलाजार याजक, सगळे सरदार समोर. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव वतनातून का जावे, असे त्या विचारतात. त्यांचे म्हणणे मान्य झाले आणि नियम बदलला. यावर आपण प्रवचने पुष्कळ ऐकली आहेत, स्त्रियांच्या हक्कावर, विश्वासावर. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. मोजणी झाली होती, जमीन अजून वाटायची होती. कनानात पाऊलसुद्धा पडले नव्हते. वाटणी झाल्यावर आल्या असत्या तर कोणाकोणाच्या बांधावरून भांडावे लागले असते. ३६ व्या अध्यायात त्यांच्याच वंशातले पुढारी उलट तक्रार घेऊन येतात, त्यावरही तोडगा निघतो. म्हणजे हद्दीचे काम एका बैठकीत संपत नाही, हे तेव्हाही होते.

आपल्या कायद्यातही दर्शनमंडपाच्या दाराशी उभे राहण्याची जागा आहे. परिसीमन आयोग आधी आपला मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर बैठका घेतो. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचे बळ येते आणि कोर्टात जायची वाट जवळपास बंद होते. जे बोलायचे ते मसुद्याच्या वेळी. राजपत्र सुरगाण्याच्या चावडीवर कोण वाचतो? राजकीय पक्ष वाचतात, आणि आपापल्या सोयीने हरकती देतात. पाड्याची सोय पाहणारा त्यात कोणी असलाच तर नशीब.

म्हणून आपल्याला काय करता येईल ते सांगते, आणि काय करू नये तेही. एखाद्याने उत्साहाने पाड्यावर जाऊन सांगू नये की गावाला नसलेल्यांचीही नावे लिहून घ्या. ती खोटी नोंद होईल. जो त्या वीस दिवसांत दोन दिवसांसाठी का होईना घरी येऊ शकतो, त्याला येऊ द्या, गावीच मोजणी होईल. सणासुदीला सुट्टी देतो, तशी ही द्यावी. जो येऊ शकत नाही, तो बागेत मोजला गेलाच पाहिजे. बागायतदारांनी आपल्या खोपीवर मोजणीवाल्याला स्वतः न्यावे. आणि जमातीच्या रकान्यात जमातीचे नेमके नाव लिहून घ्यावे.

हा शेवटचा मुद्दा आपल्या मंडळीतल्या आदिवासी कुटुंबांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. बाप्तिस्मा झाला म्हणजे आता आपण जमातीत नाही, असा समज अजून काही घरांत आहे. काही मोजणी करणाऱ्यांच्याही मनात असतो. अनुसूचित जातींना धर्माची अट आहे, जमातींना नाही. कोकणा माणूस ख्रिस्ती असला तरी कोकणाच. धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती, जमातीच्या रकान्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, जे असेल ते. दोन्ही खरे आहे, दोन्ही लिहावे. मातृभाषेच्या वेळीही ‘कोकणी’ असे मोघम सांगू नये, गोव्याची कोकणी वेगळी. घरात जी बोलता तिचे नाव सांगा.

आणि तिसरे काम जरा चिकाटीचे आहे. आपल्या वसतिगृहांत त्या भागातली मुले आहेत. कोणत्या पाड्यावरून किती कुटुंबे कोणत्या महिन्यात कुठे जातात, तिथून तहसील कचेरी किती लांब, पावसाळ्यात किती दिवस रस्ता बंद, बाळंतपणाला जवळचा दवाखाना कुठला, एवढी माहिती मोठी मुले सुट्टीत घरी गेल्यावर वहीत लिहून आणू शकतात. आयोगाचा मसुदा येईल तेव्हा ग्रामसभेला हरकत लिहायची झाली, तर हातात काहीतरी असेल. “आमच्यावर अन्याय होतो” या एका ओळीच्या अर्जाचे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अर्ज ग्रामसभेचाच हवा, मिशनचा नको. सुरगाणा वेगळा मागायचा, की पेठला जोडून मागायचा, की आहे ते बरे म्हणायचे, हे त्यांनी ठरवायचे. तिथेही एकमत नाही, आणि मला स्वतःला पेठ-सुरगाणा एकत्र असावे असे वाटते, ते मी माझ्यापाशी ठेवते. म्हणजे ठेवणार होते.

बागायतदार बंधूंना विनंती. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या बागेत फेब्रुवारीत कोणत्या गावची किती कुटुंबे असतात, एवढेच लिहा. मजुरांची नावे नकोत, गाव आणि आकडा पुरे. मुकादमाला विचारून फोनवर कळवले तरी चालेल. गेल्या रविवारी दोन मंडळ्यांत ही वही फिरली, तेव्हा बाऱ्हे आणि उंबरठाणकडची कुटुंबे पुष्कळ निघाली, पांगारण्याचे एकही नाव आले नाही. ती माणसे बहुधा गुजरातेत असतात. तिकडे कोणाचे नातेवाईक, ओळखीची मंडळी असतील त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटावे.